प्लॉट नंबर सतरा: हरकती व सूचना

घराचा नकाशा हातात आला त्या दिवशी नागोराव ढगे यांनी त्याच्या चाळीस झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काका, निवडणुकीला उभे राहताय का?" नागोरावांनी चाळीस प्रती मोजून घेतल्या. तारापूर एमआयडीसीतल्या तारेच्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं क्वालिटी खात्यात होते. तार कितीही सरळ निघो, ती मोजून, वाकवून, तिच्यावर शेरा मारल्याशिवाय त्यांनी कधी गेटबाहेर जाऊ दिली नव्हती. खिळ्याची तार तपासायची आणि जन्माचं घर मात्र न तपासता बांधायचं, हे त्यांच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं.

प्रत्येक नकाशाच्या खाली त्यांनी ठळक अक्षरांत 'हरकती व सूचना' असं छापून घेतलं होतं आणि त्याखाली तीन रकाने. पहिला हरकतीचा, दुसरा सूचनेचा, तिसरा सहीचा. सहीशिवाय आलेल्या सूचनेचा विचार केला जाणार नाही, अशी तळटीपही होती.

अर्चनाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तो गठ्ठा बघितला आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "चार लोकांना दाखवतो म्हणाला होतात."

"चार म्हणजे चारच नसतात. चार म्हणजे लोक."

"मग दाखवा. पण घरात राहणार आहोत आपण."

नागोरावांनी हे हरकतीत धरायचं की सूचनेत याचा थोडा विचार केला आणि सही नसल्यामुळे सोडून दिलं.

प्लॉट बेटेगावच्या पलीकडे, एका लहान गावाच्या हद्दीत होता. दोन गुंठे. नकाशा पालघरच्या रूपल चुरी या आर्किटेक्ट मुलीने काढला होता, आणि खरं सांगायचं तर तो चांगला होता. पुढे हॉल, हॉलला लागून नागोरावांच्या आईची खोली, त्या खोलीला खेटून न्हाणीघर आणि संडास, मागे स्वयंपाकघर, उजव्या हाताला दोन बेडरूम, एक नवराबायकोची आणि एक बारावीतल्या ज्ञानेश्वरीची. सगळं जमिनीवर. एक पायरी, आणि आत.

या जमिनीवरच्या घराला कारण होतं. नागोरावांची आई मैनाबाई हिंगोलीकडे गावी एकटी राहायची. बोईसरचा भाड्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि मैनाबाईचे गुडघे पहिल्या मजल्याच्या वर यायला तयार नव्हते. वर्षातून एकदा ती यायची. आल्या दिवशी एकदा जिना चढायची आणि परत जायच्या दिवशी एकदा उतरायची. मधले पंधरा दिवस खिडकीत. "तुम्ही मला माळ्यावर ठेवल्यावाणी ठेवता बाप्पा," असं म्हणून गेल्या वर्षी ती आठव्याच दिवशी परत गेली, आणि यंदा आलीच नव्हती. फोनवर बोलायची, पण यायचं नाव काढायची नाही.

तर नकाशे वाटले गेले.

पहिली प्रत खालच्या मजल्यावरच्या शालूताईंकडून परत आली. शालूताईंनी वास्तुशास्त्राचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि तो पुरा झाल्यापासून त्या कोणाच्याही घरी गेल्या की आधी मोबाईलवर दिशा बघायच्या. त्यांनी संडासाभोवती लाल गोल काढला होता. "ईशान्येला संडास," त्या हळू आवाजात म्हणाल्या, डॉक्टर रिपोर्ट वाचून सांगतो तसं. "नागोराव, मी तुम्हाला घाबरवत नाही. पण मी अशा घरात राहिले नसते." संडास घराच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येला गेला.

डिस्पॅचमधल्या यादवजींनी नकाशा आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला आणि विचारलं, "पार्किंग कहाँ है?"

"माझ्याकडे गाडी नाही."

"आज नहीं है. कल लड़की की शादी होगी, दामाद आएगा, वो क्या पैदल आएगा?" न झालेल्या जावयासाठी हॉल चार फूट मागे सरकला, आणि हॉलला लागून असलेली आईची खोली त्याच्या धक्क्याने थेट मागच्या कोपऱ्यात गेली.

इमारतीच्या चेअरमननी पुढेमागे वर मजला चढवायचा धरून त्याचा जिना बाहेरून घ्यायला सांगितला, म्हणजे भाडेकरू ठेवता येतो. भाडेकरू वरून येणार-जाणार म्हणून ज्ञानेश्वरीच्या खोलीची खिडकी बंद झाली. खिडकी बंद झाली म्हणून ज्ञानेश्वरी दोन दिवस जेवली नाही. कारखान्यातल्या मोठ्या साहेबांनी नुसतं 'पाहिले' असं लिहून सही केली, आणि त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यात नागोरावांचे तीन दिवस गेले. ज्याअर्थी साहेबांनी 'छान' लिहिलं नाही त्याअर्थी काहीतरी खटकलंय, असं ठरवून त्यांनी साहेबांना खटकू शकेल अशा तीन गोष्टी स्वतःच बदलून घेतल्या.

दर बदलाला नागोराव बोईसरहून गाडी पकडून पालघरला जायचे. स्टेशनाजवळच्या त्या छोट्या ऑफिसात रूपल शांतपणे संगणकावर भिंती सरकवायची. अकराव्या खेपेला ती थांबली.

"काका, एक विचारू का?"

"विचार ना."

"आता या घरात हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर तुमच्या बेडरूममधून जावं लागतं. चालेल?"

नागोरावांनी पिशवीतला गठ्ठा काढून मोजला. एकशे बारा सूचना होत्या, सगळ्या सह्यांसकट. त्यातली एकही चुकीची नव्हती. सगळ्या मिळून मात्र हे असं झालं होतं.

"कागदावर कळत नाही काका," रूपल म्हणाली. "एकदा जागेवर चुन्याने आखून बघा. खऱ्या मापात. आपण त्यात उभे राहिलो की काय हवं, काय नको, ते आपोआप कळतं."

ही सूचना नागोरावांना इतकी आवडली की त्यांनी तिला तिथेच रकान्यात सही करायला लावली.

पुढच्या रविवारी सकाळी ढगे कुटुंब प्लॉटवर पोचलं. बरोबर मैदानावर रेषा मारतात ती पांढरी फक्की, सुतळी, मोठा टेप आणि पोह्यांचा डबा होता. ऊन लागू नये म्हणून नागोरावांनी कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घातलं होतं, आणि कारखान्याची सवय म्हणून चमकणारं नारिंगी जाकीटही. कोपरे नीट दिसावेत यासाठी त्यांनी चार बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधली. लेआउटच्या गेटपासून प्लॉट मोजत ते सतराव्यावर थांबले आणि दहा वाजेपर्यंत घर उभं राहिलं, म्हणजे आडवं झालं. पांढऱ्याशुभ्र रेषा, सरळ, काटकोनात. सव्वीस वर्षांत इतकी सुबक वस्तू आपल्या हातून गेटबाहेर पडली नव्हती, असं त्यांना वाटलं.

अर्चना हॉलमध्ये पोहे वाढत असताना पहिल्यांदा दोन बाया आल्या, लांब उभ्या राहिल्या आणि गेल्या. मग एक मोटारसायकल आली, थांबली, वळली. अर्ध्या तासात तीस-चाळीस माणसं बांधावरून येताना दिसली. पुढे सरपंच नवसीबाई होत्या. बुटक्या, काटक, हातात मोबाईल.

"कोणता सर्वे हाय?" त्यांनी विचारलं.

"सर्व्हे नाही. घर आहे," नागोराव म्हणाले.

नवसीबाईंनी हेल्मेटकडे बघितलं, जाकिटाकडे बघितलं, लाल फडक्यांकडे बघितलं. "रेल्वेची लाईन हाय का रस्त्याची? सरळ सांगा. आमी काय लहान पोरं नाय."

"अहो, खरंच घर आहे. हा हॉल. इथे आम्ही पोहे खातोय."

"पयले आले होते ते पण असंच गोड बोलले. फक्त मोजतो म्हणाले. मोजून गेले नि वरसाने नोटीस आली." एक म्हातारा पुढे येऊन शांतपणे ज्ञानेश्वरीच्या खोलीत मांडी घालून बसला. त्याच्या मागून आणखी सात-आठ जण बसले.

मग नागोरावांना वाटलं, कागद दाखवला की प्रश्न मिटेल. त्यांनी पिशवीतून नकाशा काढून दिला. नवसीबाईंनी तो उलगडला, खालची ठळक ओळ बोट लावून वाचली आणि कागद मागच्यांना दाखवला.

"हरकती व सूचना," त्या म्हणाल्या. "हेच लिवलेलं असतंय नोटिशीत. आमी काय वाचलं नाय का?"

यानंतर नागोरावांनी जे जे सांगितलं त्याचा काही उपयोग झाला नाही. ग्रामसेवकांना फोन गेला. जितेश घरत यांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणत. रविवारचं जेवण टाकून ते पालघरहून आले तेव्हा दीड वाजला होता आणि त्यांचा चेहरा त्या हिशेबाचा होता. त्यांनी नागोरावांचा सातबारा बघितला, लेआउटचा नकाशा बघितला, मग गेटपर्यंत चालत गेले आणि एकेका प्लॉटवर बोट दाखवत परत आले.

"ढगेसाहेब, तुमचा प्लॉट कितवा?"

"सतरा."

"आणि हा कितवा?"

"सतरा. मी स्वतः मोजलाय."

"बगिच्याची मोकळी जागा धरून मोजलात. तिला नंबर नसतो. हा सोळा आहे. तुमचा तो, पलीकडचा."

मग ज्ञानेश्वरीच्या खोलीतला म्हातारा हसला. त्याचं बघून बाकीचे हसले, मग नवसीबाई, आणि शेवटी तोंडाला पदर लावून अर्चनासुद्धा. सर्व्हे करणारा माणूस दुसऱ्याच्या जागेत शिरतो हे गावाने बघितलं होतं, पण इतक्या मेहनतीने चुकून शिरलेला गाव पहिल्यांदाच बघत होतं. एवढी चूक सरकारी माणूस करणार नाही, म्हणजे हे घरच असणार, असं नवसीबाईंनी जाहीर केलं. नागोरावांच्या बाजूने त्या दिवशी तेवढा एकच निकाल लागला, पण त्यात आनंद मानावा असं त्यांना काही सापडेना.

धोका टळल्यावर मात्र गावकऱ्यांना घरात रस आला. कोणी म्हणालं, पार्किंग कशाला, तिथं ओटा करा. कोणी विहिरीची जागा दाखवली. नागोरावांनी हेल्मेट काढून हातात धरलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाची सूचना लिहून घेत नव्हते.

भाऊसाहेबांना मात्र आल्यासारखं काहीतरी लिहिणं भाग होतं. त्यांनी पंचनामा केला: 'सदर भूखंड क्रमांक १६ वर चुन्याने आखलेले एक घर आढळून आले. घरात तीन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर व पार्किंग आहे. छप्पर, भिंती, पाणी व वीज नाही. घरात पोहे खाल्ल्याच्या खुणा आहेत.' त्यावर पाच जणांच्या सह्या झाल्या. तो कागद ऑफिसात गेला, तिथून नियमाप्रमाणे पुढे सरकला, आणि सोळा नंबरच्या मालकाला एडवणला नोटीस गेली, की आपल्या भूखंडावर विनापरवाना घर आढळले असून ते सात दिवसांत ग्रामसेवकासमक्ष काढून टाकावे.

मालक म्हणजे तात्या. एडवणला त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पत्ता काढत बोईसरला आले, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि दार उघडल्यावर आधी केळ्यांचा घड आत ठेवला. भांडायला निघाले होते, पण कोणाकडे रिकाम्या हाताने जायची सवय नव्हती.

"माझ्या जागेत तुमी घर बांधलं?" ते धाप टाकत म्हणाले.

"बांधलं नाही. आखलं."

"नोटिशीत तीन खोल्या हायेत."

नागोराव सगळं समजावून सांगत असताना आतून मैनाबाई भिंतीला धरून बाहेर आली. ती आदल्या रात्रीच हिंगोलीहून आली होती. तिला बोलावलं होतं अर्चनाने. नागोरावांना न विचारता तिने फोन केला होता आणि एवढंच सांगितलं होतं, "आत्याबाई, तुम्ही यायलाच पाहिजे. तुमच्या लेकाने सगळ्या बोईसरला विचारलं, तुम्हाला विचारलं नाही." जिना चढायला मैनाबाईला पाऊण तास लागला होता आणि तिचे गुडघे अजून सुजलेले होते.

"घर आखलंय म्हणता," ती म्हणाली, "मग मला दावा की. कागद काही मला कळत नाही."

तात्यांनी चहा प्यायला, राग कुठे ठेवला ते बहुतेक विसरले आणि म्हणाले, "चला. माझा टेम्पो हाय खाली. आजीबाईंना पुढं बसवू."

तात्यांनी निघताना फोन केला होता, त्यामुळे प्लॉटवर भाऊसाहेब आणि नवसीबाई येऊन थांबले होते. घर अजून होतं. रेषा थोड्या फिकट झाल्या होत्या, एका बेडरूमवरून बकऱ्या गेल्या होत्या. तात्यांनी खराटा आणला होता.

"थांबा," मैनाबाई म्हणाली. "माझी खोली कंची?"

नागोरावांनी मागचा कोपरा दाखवला. ती काठी टेकत तिथे गेली, उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं. "आन खाट?" त्यांनी खाटेची जागा दाखवली. "आन संडास?"

नागोरावांनी हात लांब केला. घराच्या पार दुसऱ्या टोकाला.

मैनाबाई निघाली. खोलीतून बाहेर, मग मधल्या बोळातून, मग हॉलच्या कडेने. हॉलच्या मध्यावर ती थांबली, दोन्ही हात काठीवर ठेवले आणि श्वास घेतला. अजून पार्किंगच्या मागून वळसा होता.

"रात्री दोनदा उठावं लागतं मला," ती म्हणाली. तक्रार नव्हती, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. "इथवर येईन मी. म्होरलं सांगता येत नाही."

नागोरावांच्या पिशवीत चाळीस कागद होते. संडास ईशान्येला नको हे त्यात होतं, जावयाची गाडी होती, साहेबांनी न लिहिलेलंही होतं. ज्या माणसासाठी घर काढलं त्या माणसाला रात्री किती पावलं पडतील, ते कोणी लिहिलं नव्हतं. आणि क्वालिटीतला माणूस ते स्वतः होते. त्यांनी मान वर न करता तात्यांच्या हातातला खराटा घेतला.

घर पाडायला वीस मिनिटं लागली. नागोरावांनी पार्किंग आणि हॉल झाडला, तात्यांनी पायानेच स्वयंपाकघर उडवलं. भाऊसाहेबांनी घड्याळ बघून 'घर काढून टाकण्यात आले' असं लिहिलं. नवसीबाई म्हणाल्या, "आमच्या गावात इतकं सरळ कोणी घर सोडलं नाय आजवर."

अर्चनाने टेम्पोतून एक जड पिशवी उतरवली. तिच्यात उरलेली फक्की होती. ती तिने निघताना बरोबर घेतली होती, कोणाला न सांगता.

"चला, सतरावर," ती म्हणाली. "यावेळी मी मोजलाय."

सतरावर गेल्यावर नागोरावांनी ना टेप काढला ना नकाशा. ते आईला म्हणाले, "माय, तू चाल. तुला जशी खोली पाहिजे तशी चाल."

मैनाबाईला आधी संकोच वाटला. मग तिने काठीने एक जागा दाखवली, "खाट इथं. सकाळचं ऊन येतंय." तिथून ती निघाली, आणि तिच्या पावलामागून वाकून नागोराव फक्की सोडत गेले. सात पावलांवर ती थांबली. "बस. संडास इथं." मग तिथून परत वळून, दाराकडे, हॉलकडे. रेषा काही सरळ येत नव्हती. मैनाबाई चालताना उजवीकडे झुकायची, त्यामुळे भिंतही झुकत होती. ती कोणी सरळ केली नाही. ज्ञानेश्वरीने मोबाईलवर फोटो काढून रूपलला पाठवले. तिचं उत्तर आलं, 'याचा नकाशा काढता येईल.' सही मागायची नागोरावांना आठवणही झाली नाही.

तात्या प्लॉटच्या कडेला बसून केळं खात बघत होते. "आजीबाई, ओटा पण घ्या समोर," ते म्हणाले. "मी येईन बसायला. शेजारीच हाय ना मी."

"घेतला," मैनाबाई म्हणाली, आणि नागोरावांनी ओटा आखला.

इतक्यात भाऊसाहेबांना आठवलं, की आजच्या पंचनाम्यावर नागोरावांची सही राहिली. ते कागद आणि पेन घेऊन सोळामधून सरळ सतराकडे निघाले.

मैनाबाई तिच्या खाटेच्या जागेवर, तात्यांनी आणून दिलेल्या क्रेटवर बसली होती. तिने काठी वर केली.

"भाऊसाहेब, तिथं भित हाय. दारानं या."

भाऊसाहेब एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले. त्यांनी खाली रेषेकडे बघितलं, मग म्हातारीकडे. मग पाय मागे घेतला, सगळ्या घराला वळसा घालून पुढे आले आणि दाराशी पोचल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या.